वार धरा, तारीख नको : अ‍ॅक्रोमेगॅलीचं इंजेक्शन पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

माझा आजार डॉक्टरांच्या आधी आमच्या कासारकाकांना कळला होता. दर श्रावणात त्यांच्याकडे दोन-चारच्या मापाच्या बांगड्या भरायच्या, हे माझं लग्नाआधीपासूनचं ठरलेलं. एका वर्षी दोन-सहा लागल्या. पुढे दोन वर्षांनी साबण लावूनही दोन-आठ चढेना, तेव्हा काका माझा पंजा हातात धरून म्हणाले, "ताई, ही सूज नाही. हाड रुंदावलंय. दाखवून घ्या कुणाला." मी हसून सोडून दिलं. त्यानंतर चार वर्षं गेली. चपलेचा नंबर वाढला, घोरणं वाढलं, साखर वाढली. प्रत्येक गोष्टीचं वेगळं औषध सुरू झालं, आणि मग एका डॉक्टरांनी माझा दहा वर्षांपूर्वीचा फोटो मागितला.

निदान झालं : अ‍ॅक्रोमेगॅली, म्हणजे मेंदूच्या तळाच्या ग्रंथीतल्या गाठीमुळे हात, पाय, जबडा वाढत जाण्याचा आजार. नाकातून ऑपरेशन झालं. गाठीचा बराच भाग निघाला, पण एक तुकडा रक्तवाहिनीला चिकटून राहिला. तेव्हापासून, म्हणजे चार वर्षं, इंजेक्शन चालू आहे. सुरुवातीला मी ज्या चुका केल्या, त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. कोणतं औषध, किती डोस, हे तुमचे एंडोक्रायनोलॉजिस्टच (हार्मोनचे डॉक्टर) ठरवतील. मी सांगणार आहे ते त्यांच्या चिठ्ठीनंतरचं सगळं.

१. इंजेक्शन काय करतं, ते आधी समजून घ्या

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. मराठी पुस्तकांत तिला पीयूषिका म्हणतात. तिच्यात गाठ झाली की ग्रोथ हार्मोन जास्त तयार होतं. ही गाठ कॅन्सरची जवळपास कधीच नसते. ग्रोथ हार्मोनमुळे यकृतात आयजीएफ-वन नावाचं दुसरं द्रव्य वाढतं, आणि हात, पाय, जबडा, जीभ, हृदय, सांधे यांच्यावर परिणाम होतो तो मुख्यतः त्यामुळे. पियर मारी या फ्रेंच डॉक्टरांनी १८८६ साली या आजाराला अ‍ॅक्रोमेगॅली हे नाव दिलं.

ग्रोथ हार्मोनला लगाम घालणारं सोमॅटोस्टॅटिन नावाचं द्रव्य शरीरात मुळातच असतं. ते १९७३ साली सापडलं. अडचण अशी, की रक्तात ते दोन-तीन मिनिटंच टिकतं. म्हणून त्याच्यासारखी, पण जास्त टिकणारी औषधं तयार केली गेली. ऑक्ट्रिओटाइड आणि लॅन्रिओटाइड ही त्यातली दोन प्रमुख. साध्या ऑक्ट्रिओटाइडचा असरही काही तासच राहतो. महिनाभर पुरावं म्हणून ते औषध अगदी बारीक कणांमध्ये कोंडलेलं असतं. हे कण ज्या जातीच्या पदार्थाचे असतात, त्याच जातीच्या पदार्थापासून विरघळणारे टाके बनतात. स्नायूत गेल्यावर ते हळूहळू विरघळतात आणि औषध थोडंथोडं बाहेर सोडतात.

हे कण डोळ्यांसमोर ठेवा. फ्रिज, अर्धा तास थांबणं, औषध कालवणं, लगेच टोचणं, असे पुढचे सगळे नियम त्यांच्यासाठीच आहेत.

याखेरीज पॅसिरिओटाइड आहे. ते साखर बरीच वाढवू शकतं. पेगव्हिसोमंट बहुधा रोज कातडीखाली घ्यायचं असतं. ते गाठीवर काम करत नाही, ग्रोथ हार्मोनचा परिणाम अडवतं. म्हणून ते घेणाऱ्यांनी ग्रोथ हार्मोनचा आकडा बघून घाबरू नये. त्यांच्यासाठी आयजीएफ-वनच खरा. कॅबरगोलिनच्या गोळ्या सौम्य आजारात किंवा इंजेक्शनच्या जोडीला देतात. मला ऑक्ट्रिओटाइडचा अनुभव आहे, म्हणून पुढचं मुख्यतः त्याबद्दल.

२. फाइल आणि सुरुवातीच्या तपासण्या

एकच जाड फाइल करा आणि प्रत्येक भेटीला तीच न्या. तिच्यात हे हवं :

– एमआरआयचा रिपोर्ट आणि सीडी, दोन्ही. नुसत्या रिपोर्टवर कुठलाही सर्जन समाधानी होत नाही.
– ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि गाठीचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट. गाठीतल्या पेशी दाट दाण्यांच्या आहेत की विरळ, हे त्यात असतं. दाट दाण्यांच्या गाठी या इंजेक्शनला सहसा चांगला प्रतिसाद देतात. माझ्या रिपोर्टात ही ओळ होती आणि वर्षभर ती कुणी वाचलीच नव्हती.
– आतापर्यंतचे सगळे आयजीएफ-वन. लॅबचं नाव आणि त्या लॅबने दिलेली वयानुसारची मर्यादा शेजारी लिहून ठेवा.
– ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून केलेल्या ग्रोथ हार्मोन चाचणीचा रिपोर्ट.
– नजरेचा पेरिमेट्री रिपोर्ट, गाठ डोळ्यांच्या नसांजवळ असेल तर.
– आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. यांचा उपयोग पुढे येतोच.

पहिल्या इंजेक्शनआधी पित्ताशयाची सोनोग्राफी, साखर, थायरॉइड आणि ईसीजी झालेले असावेत. या औषधाने पित्तखडे होऊ शकतात, नाडी मंदावू शकते आणि साखर वर किंवा खाली जाऊ शकते. सुरुवातीचा रिपोर्ट हाताशी नसला, तर पुढे खडा दिसल्यावर तो औषधाने झाला की आधीचाच, हे कुणालाच सांगता येत नाही. मोठ्या आतड्याची कोलोनोस्कोपीही एकदा करायला सांगतात. ती टाळू नका. या आजारात आतड्यात पॉलिप, म्हणजे लहान गाठी, होण्याचं प्रमाण जास्त असतं.

ऑपरेशननंतर तुम्हाला स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील, तर इंजेक्शन सुरू झालं म्हणून त्या मनाने बंद करू नका. तो वेगळा हिशेब आहे आणि त्यातली चूक जिवावर बेतू शकते.

३. चिठ्ठीवरचं नाव अक्षर न् अक्षर वाचा

इथे मी पहिली ठेच खाल्ली. चिठ्ठीवर घाईत नुसतं 'ऑक्ट्रिओटाइड' लिहिलेलं होतं. मेडिकलवाल्याने छोट्या काचेच्या अँप्युल काढून दिल्या. किंमत ऐकून मला तर आनंदच झाला. घरी आल्यावर खोक्यावर वाचलं : १०० मायक्रोग्रॅम. मला हवं होतं २० मिलिग्रॅम, म्हणजे दोनशे पट! ते होतं दिवसातून तीनदा कातडीखाली घ्यायचं, काही तास टिकणारं औषध. नाव एकच, पण काम वेगळं.

म्हणून चिठ्ठीवर तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या : नावापुढे 'एलएआर' किंवा 'डेपो' (म्हणजे हळूहळू सुटणारं, महिनाभर टिकणारं), डोस मिलिग्रॅममध्ये (१०, २० किंवा ३०), आणि 'दर २८ दिवसांनी'. लॅन्रिओटाइड असेल तर ६०, ९० किंवा १२० मिलिग्रॅम. ते भरलेल्या सिरिंजमध्येच येतं आणि कातडीखाली खोलवर देतात.

छोट्या अँप्युलचाही एक उपयोग असतो. महिन्याचं इंजेक्शन देण्याआधी काही दिवस तेच औषध थोड्या प्रमाणात देऊन ते सोसतं का, हे डॉक्टर बघतात. एकदा महिन्याचं औषध स्नायूत गेलं की ते परत काढता येत नाही. मलाही आधी असंच दिलं होतं.

४. पैशांची जुळवाजुळव

एका सुईची किंमत हजारांत असते. ब्रँडनुसार ती खूप बदलते. भारतीय कंपन्यांची औषधं मूळ ब्रँडपेक्षा स्वस्त पडतात. ती चालतील का, हे डॉक्टरांना सरळ विचारा, संकोच करू नका. पण एकदा ब्रँड ठरला की स्वस्त मिळालं म्हणून दर महिन्याला बदलू नका. कालवण्याची पद्धत, किटमधल्या वस्तू, सगळंच वेगळं असू शकतं.

वर्षाचा हिशेब बाराने करू नका. दर २८ दिवसांनी म्हणजे वर्षाला तेरा इंजेक्शनं. २८ दिवसांचा हिशेब सुरू केला त्या वर्षी तेराव्या सुईचे पैसे मी धरलेच नव्हते आणि ती आली नेमकी मुलाच्या कॉलेजच्या फीच्या महिन्यात.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा उपयोग मुख्यतः दाखल होऊन करायच्या उपचारांना होतो. ऑपरेशन बाकी असेल तर योजनेतल्या रुग्णालयात आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा, दाखल झाल्यावर नव्हे. महिन्याच्या इंजेक्शनसाठी सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. कोणत्या ट्रस्टकडे अर्ज करायचा, कोणाचं पत्र लागतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. परळच्या केईएमसारख्या ठिकाणी एंडोक्रायनोलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे रांग मोठी असते, पण असे पेशंट त्यांनी पुष्कळ पाहिलेले असतात. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड तिथे लागतं.

मेडिक्लेम असेल तर पॉलिसीत ओपीडीचे उपचार धरले आहेत का, ते वाचा. बऱ्याच पॉलिसींत नसतात, आणि ही सुई ओपीडीतच दिली जाते. प्रत्येक बिलावर बॅच नंबर घ्यायला विसरू नका.

५. दुकानापासून घरापर्यंत थंड

औषध २ ते ८ अंशांत राहायला हवं. ते गोठलं तरीही वाया जातं, आणि हे लोकांच्या लक्षात राहत नाही. बर्फाला चिकटवून आणलेलं औषध म्हणजे सुरक्षित औषध, असं मुळीच नाही.

मी पुण्याहून साताऱ्याला एसटीने आणते. साधा थर्मोकोलचा डबा, तळाला दोन जेल पॅक, त्यावर घडी घातलेला जाड टॉवेल, त्यावर औषधाचं मूळ खोकं, आणि वरून पुन्हा टॉवेल. खोक्यातून काढून आणू नका, कारण औषधाला उजेडही चालत नाही. डबा मांडीवर ठेवते. इंजिनाजवळ किंवा डिकीत ठेवायचा नाही.

घरी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला टेकणार नाही असं ठेवा. दारात नको, कारण तिथे तापमान सारखं वरखाली होतं. शंभर-दीडशे रुपयांचा छोटा थर्मामीटर शेजारी ठेवलात तर लाइट गेल्यावर अंदाज करत बसावं लागत नाही. दोन-तीन महिन्यांचा साठा करायचा मोह होतो, सूट मिळत असेल तर जास्तच. उन्हाळ्यात लाइट जाणाऱ्या गावात तो मोह आवरा.

६. सुईचा दिवस : त्या अर्ध्या तासाला जपा

या सगळ्या खटाटोपात औषध सर्वांत जास्त वाया जातं ते इथे.

ऑक्ट्रिओटाइड एलएआर घरी स्वतः घ्यायचं नसतं. शिकलेल्या नर्सनेच ते द्यायचं असतं, कुल्ल्याच्या स्नायूत खोल. दंडात नाही, कातडीखाली नाही. गावातल्या दवाखान्यात हे औषध कधी पाहिलेलं नसण्याची शक्यता मोठी. म्हणून पहिल्या वेळी आदल्या दिवशी जाऊन सिस्टरना किटमधलं पत्रक वाचायला द्या. आमच्या सिस्टरना मी फोटोकॉपी देऊन ठेवली होती. त्यांनी ती भिंतीवर लावली आणि दर वेळी बघून करतात. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

क्रम असा :

किट फ्रिजमधून काढून निदान अर्धा तास खोलीच्या तापमानाला ठेवायचं. हातात चोळून किंवा कोमट पाण्यात धरून घाई करायची नाही. थंड औषध नीट कालवलं जात नाही.

पावडरीत किटमधलंच द्रव घालायचं. सलाइन नाही, डिस्टिल्ड वॉटर नाही. 'सिस्टर, ते खोक्यातलंच घ्या' एवढं आपणही म्हणू शकतो.

द्रव घातल्यावर बाटली हलवायची नाही. पावडर पूर्ण भिजेपर्यंत, पत्रकात लिहिलेली मिनिटं मोजून ती तशीच ठेवायची. नंतर पत्रकात सांगितलं आहे त्याच पद्धतीने हलवायची. सगळं दुधासारखं एकजीव दिसलं पाहिजे. तळाशी किंवा कडेला कोरडी पावडर दिसली तर अजून झालेलं नाही.

एकदा कालवलं की लगेच टोचायचं. मधे फोन नाही, दुसरा पेशंट नाही.

माझ्या दुसऱ्या इंजेक्शनला नेमकं हेच झालं. सिस्टरनी औषध तयार करून ट्रेमध्ये ठेवलं, तेवढ्यात एक तातडीचा पेशंट आला. परत येऊन त्यांनी सुई टोचली तर दट्ट्या पुढे सरकेना. कण खाली बसून सुई तुंबली होती. निम्मं औषध गेलं, निम्मं सिरिंजमध्येच राहिलं. किती गेलं ते सांगता येईना, त्यामुळे पुन्हा द्यायचं की नाही हेही ठरेना. डॉक्टरांना फोन करावा लागला. त्या महिन्यात डोकेदुखी आणि घाम दोन्ही परत आले. तेव्हापासून मी दुपारी अडीचची वेळ घेते, दवाखाना रिकामा असतो तेव्हाची.

बाजू दर वेळी बदला. डावी की उजवी, ते वहीत लिहा. जागी गाठ किंवा दुखरेपणा दोन-चार दिवस राहू शकतो. ती चोळू नका.

लॅन्रिओटाइडचं काम सोपं आहे. कालवणं नाही, फक्त अर्धा तास बाहेर ठेवायचं आणि सावकाश, साधारण वीस सेकंदांत आत सोडायचं. मात्र सुई जाड असते, त्याची मनाची तयारी ठेवा.

७. वार धरा

'दर महिन्याच्या पाच तारखेला' असं मी धरलं होतं. कधी तीस, कधी एकतीस दिवस. वर्षाअखेर माझं एक अख्खं इंजेक्शन बुडालं होतं, आणि प्रत्येक महिन्याचे शेवटचे दोन दिवस बोटं जड व्हायची ती वेगळीच.

२८ दिवस म्हणजे बरोबर चार आठवडे. पहिलं मंगळवारी असेल तर सगळी मंगळवारीच येतात. भिंतीवरच्या कालनिर्णयात वर्षाच्या सुरुवातीलाच तेरा मंगळवारांना गोल करा. दिवाळी किंवा गणपतीत दवाखाना बंद असेल, तर ते जानेवारीतच दिसतं आणि डॉक्टरांना आधी विचारता येतं. एखादं चुकलंच तर डॉक्टरांना फोन करा. पुढच्या वेळी दोन घेऊन भरपाई होत नाही.

८. पोटाची तक्रार

पहिल्या एक-दोन इंजेक्शनांनंतर पोटात कळ, गॅस आणि पातळ, फिकट, चिकट शौचाला होणं, हे बऱ्याच जणांना होतं. मला चार दिवस होतं. पहिल्या सुईनंतर मी औषध सोडायचा विचार केला होता, पण तिसऱ्यानंतर त्रास जवळपास गेला. सुईच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तळलेलं, तुपातलं टाळा. मऊ भात, मुगाचं वरण, ताक. पुरणपोळीचा सण नेमका त्याच आठवड्यात आला तर एकच खा.

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, तर पहिल्या महिन्यात साखर घरी वारंवार मोजा. इन्सुलिनचा डोस कमीही करावा लागू शकतो.

या गोष्टी दिसल्या तर थांबू नका : उजव्या बरगडीखाली जोराची कळ, सोबत ताप किंवा डोळे पिवळे; चक्कर आणि फार मंद नाडी; अचानक, पूर्वी कधी झाली नाही अशी डोकेदुखी आणि नजर अंधुक. शेवटचं असेल तर सकाळची वाट न बघता थेट मोठं रुग्णालय गाठा.

आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. आयजीएफ-वन ताब्यात आलं की पाळी आणि गर्भधारणेची शक्यता परत येऊ शकते. मूल हवं असो वा नको, पहिल्याच भेटीत हा विषय काढा.

९. आयजीएफ-वनची तपासणी

पहिल्या आठवड्यात काहीच वाटलं नाही म्हणून निराश होऊ नका. कणांमधून औषध खऱ्या अर्थाने बाहेर पडायला लागतं ते आठवड्यानंतर, आणि दोन आठवड्यांच्या सुमारास त्याचं प्रमाण स्थिर होतं. डोस जुळायला तीन इंजेक्शनं लागतात. म्हणून साधारण तीन महिन्यांनी, पुढची सुई घेण्याच्या अगदी आधी रक्त द्या. सुई घेऊन आठवड्यात दिलेलं रक्त आणि सुईआधीचं रक्त यांची तुलना होत नाही.

लॅब एकच ठेवा. वेगवेगळ्या यंत्रांवरचे आकडे वेगळे येतात, मर्यादाही वेगळ्या असतात. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल (या औषधाने केस गळू शकतात, त्यामुळे अनेक जणी घेतात), तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. त्याने काही हार्मोन चाचण्यांचे आकडे चुकतात. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी आयजीएफ-वन खाली येतं. तेही सांगायला हवं.

आकडा नॉर्मलला आला नाही तर आधी विचारा, की तीनही इंजेक्शनं वेळेवर आणि पूर्ण गेली होती का? माझ्या वेळी डोस वाढवायची चिठ्ठी तयार होती. मी तुंबलेल्या सुईची गोष्ट सांगितली, तेव्हा डॉक्टरांनी तोच डोस आणखी तीन महिने चालू ठेवला. आकडा उतरला. सगळ्यांचा असा उतरेलच असं नाही. मग डोस वाढवणं, कॅबरगोलिन जोडणं, औषध बदलणं, रेडिएशन असे मार्ग आहेत. रेडिएशनचा परिणाम दिसायला वर्षं लागतात, तोवर इंजेक्शन चालूच राहतं.

१०. काय उतरतं, काय नाही

घाम आणि डोकेदुखी आधी कमी होतात. मग बोटांची सूज, चेहऱ्याचा फुगीरपणा. जबडा, कपाळाचं हाड आणि पायाचा नंबर मागे जात नाही. हे मला आधी कळलं असतं तर आरशासमोरचे कितीतरी तास वाचले असते. घोरणं कमी झालं तरी झोपेत श्वास अडकतो का, याची तपासणी करून घ्या. आणि पुढे कुठलंही ऑपरेशन ठरलं, अगदी दाताचं किंवा गुडघ्याचं, तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात अ‍ॅक्रोमेगॅली असल्याचं सांगा. जीभ आणि जबडा मोठा असला की नळी घालणं अवघड जातं, त्यांना वेगळी तयारी करावी लागते.

फरक मोजायला आरसा वापरू नका, अंगठी वापरा. एक साधी, स्वस्त अंगठी घ्या आणि सुईच्या दर मंगळवारी निघण्याआधी तीच, त्याच बोटात घालून बघा. सहज गेली, सांध्याला अडली की गेलीच नाही, एवढं वहीत तारखेपुढे लिहा. शेजारी डावी-उजवी बाजू, बॅच नंबर आणि पोटाचा त्रास किती दिवस राहिला ते. माझ्या डॉक्टरांच्या टेबलावर आता फाइलच्या आधी ही वही उघडते.